पहिली रोड बाईक: 1 लाख 10 हजारांची ईएमआयवर घ्यावी का?

पुण्याच्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: वय 34, हातात येणारा पगार 78,000. घराचा हप्ता 27,000, एसआयपी 10,000, घरखर्च साधारण 30,000. अडीअडचणीसाठी 1,20,000 ची एफडी, शिवाय बोनसमधले 25,000 सुटे आहेत. रविवारी सिंहगड गाठता येईल अशी पहिली रोड बाईक, म्हणजे पक्क्या रस्त्यावर वेगाने चालवायची सायकल, घ्यायची आहे. समोर तीन पर्याय आहेत. टियाग्रा गिअर आणि हायड्रॉलिक डिस्क ब्रेकची 1,10,000 ची, 12 महिने 'नो कॉस्ट' ईएमआयवर. क्लॅरिस या त्याहून खालच्या श्रेणीच्या गिअरची 48,000 ची. आणि ओळखीतल्या एकाची तीन वर्षं जुनी, 38,000 ची, 56 साइजची (फ्रेमचं माप, सेंटिमीटरमध्ये). उंची 5 फूट 6 इंच. वर्षभर एसआयपी थांबवून महागडी घेतली तर चालेल का?

आधी 38,000 ची बाजूला ठेवा. 5 फूट 6 इंचाला बहुतेक कंपन्यांच्या तक्त्यात 51 ते 53 च्या आसपासची फ्रेम बसते, 56 नाही. विकणारा म्हणेल, स्टेम (हँडल सायकलला जोडणारा दांडा) बदलून घ्या. 100 मिलिमीटरच्या जागी 80 चा टाकलात तर हँडल दोन सेंटिमीटर जवळ येईल, पण फ्रेम तेवढीच लांब आणि उंच राहील. तासाभराने मान आणि खांदे अवघडतात, मग सायकल बाल्कनीत जाते. जुनी घ्यायला हरकत नाही, पण आपल्या मापाची, आणि स्टीलची पट्टी घेऊन जा. चेनचे 12 पूर्ण जोड म्हणजे 24 कड्या, नव्या चेनवर बरोबर 12 इंच भरतात. 12 इंच आणि वर एक अष्टमांश भरले, तर चेनबरोबर मागची कॅसेट, म्हणजे दातेरी चाकांचा संचही झिजून गेलेला असतो. तो खर्च किमतीतून वजा करायचा.

आता ईएमआय. बिनव्याजी हप्ता ही गोष्ट नसते. क्रेडिट कार्डावरच्या शून्य टक्के योजनांमधलं व्याज प्रोसेसिंग फीच्या आडून ग्राहकाकडूनच वसूल होतं, असं रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच सांगितलं आहे. 1,10,000 चे 12 हप्ते म्हणजे महिना 9,167. बँकेचा दर 15 टक्के धरला तर त्यात सुमारे 8,440 रुपये व्याज असतं. ते दुकानदार किंवा कंपनी सवलत म्हणून सोसते, पण त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे 1,520 रुपये, तुमच्या कार्डावर येतो. वर प्रोसेसिंग फी. रोखीने घेणाऱ्याला दुकानदार 5 टक्के सोडत असेल तर तेही 5,500 गेले. एकूण सात हजारांच्या घरात. दुकानात रोखीचा भाव आधी विचारा, ईएमआयचा विषय नंतर काढा.

पण खरी अडचण या सात हजारांची नाही. तुमच्याकडे महिन्याला 11,000 उरतात. हप्ता गेल्यावर 1,833 उरतील. एफडी 1,20,000 ची, आणि घरहप्ता धरून महिन्याचा अटळ खर्च 57,000, म्हणजे जेमतेम दोन महिन्यांची सोय. निदान सहा महिन्यांची हवी. तिला हात लावायचा नाही.

एसआयपी वर्षभर थांबवली तर 1,20,000 गुंतत नाहीत. 10 टक्क्यांनी 20 वर्षांत त्यांचे 8 लाख होतात, असं सांगून आमच्या गुंतवणूक सल्ल्याच्या धंद्यात लोकांना घाबरवतात. 6 टक्के महागाई वजा केली तर आजच्या पैशात ते अडीच लाख. म्हणजे नुकसान आहे, पण आभाळ कोसळत नाही. माझा आक्षेप वेगळा आहे: थांबवलेली एसआयपी बहुतेकदा ठरलेल्या महिन्यात सुरू होत नाही.

तेव्हा 48,000 ची घ्या, रोखीने. मात्र तिचं खरं बजेट 62,000 धरा. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, कुलूप, पॅड असलेली शॉर्ट (आत अंतर्वस्त्र न घालता वापरायची, नाहीतर शिवणीने जांघा सोलवटतात), दोन जादा ट्यूब, टायर काढायची लिव्हर आणि हवेचा दाब दाखवणारं गेज असलेला उभा पंप यात साधारण 9,000 जातात. पंपावर कंजुषी नको. या ट्यूबना सहसा प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो, पेट्रोल पंपावरची नळी त्याला ॲडॉप्टरशिवाय बसत नाही. 28 मिलिमीटरच्या टायरला, वजन सत्तरीत असेल तर, मागे 75 आणि पुढे 70 पीएसआयपासून सुरुवात करा. टायरवर लिहिलेली कमाल मर्यादा ओलांडू नका. हवा दर आठवड्याला उतरते. कमी हवेत खड्डा लागला की ट्यूबला शेजारी-शेजारी दोन छिद्रं पडतात. असं पंक्चर दिसलं तर काचेचा तुकडा शोधत बसू नका, हवा तपासा.

उरलेले 5,000 फिटिंगसाठी, म्हणजे सायकल अंगाच्या मापाला जुळवण्यासाठी. नवखा माणूस हे पैसे धरतच नाही, आणि सायकल सुटते ती इथेच. सीटची उंची: अनवाणी भिंतीला टेकून उभे राहा, जाडसर पुस्तक जांघेत घट्ट वर दाबा, त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा आणि 0.883 ने गुणा. 78 सेंटिमीटर भरले तर क्रँकच्या (पायडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या) मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत सुमारे 69. पहिले दोन-तीन आठवडे अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरने बदलत पाहा. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे. कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल तर ती जास्त वर आहे. हात बधिर होत असतील तर सीटचं नाक खाली झुकलंय का पाहा, मग आखूड स्टेमचा विचार करा. बूट अडकवायचे क्लीट पायडल आत्ताच नकोत.

गिअरचं एक दुकानातच ठरवा. पुढे 34 दात आणि मागे सर्वात मोठं दातेरी चाक 28 चं असेल, तर पायडलच्या मिनिटाला 60 फेऱ्यांनी वेग ताशी सव्वानऊ किलोमीटर होतो. मागे 32 असेल तर आठच्या जरा वर. सिंहगडाच्या चढावर नवख्याला तेवढाच वेग जमतो. मागे 28 असेल तर घेण्याआधीच बदलून मागा. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, लांब केजचा (चेन ताणून धरणारा दांडा लांब असलेला) आहे ना तेही पाहा, आखूड केजवर 32 बसेलच असं नाही.

25,000 आणि चार महिने 9,250 ची आरडी: 62,000 जमतात. तोवर भाड्याच्या सायकलवर दोन-तीन साइज चालवून बघता येतील. बिलावर जीएसटी 5 टक्केच लागलाय ना बघा, 22 सप्टेंबर 2025 पासून तो 12 वरून खाली आला आहे. आणि क्रँकखाली कोरलेला फ्रेम नंबर बिलावर लिहून घ्या. सायकलला आरसी बुक नसतं. चोरीची तक्रार किंवा विम्याचा दावा करायची वेळ आली तर ती तुमचीच, हे त्या नंबरावरून दाखवता येतं.