पहिल्यांदाच खंडोबाच्या जेजुरीला निघालाय? मग एवढं बघा

सोमवती अमावस्येला पहिली वारी करू नका. त्या दिवशी पालखी कऱ्हा नदीवर स्नानाला जाते आणि गडावर पाय ठेवायला जागा नसते. चंपाषष्ठी आणि रविवारीही गर्दी असतेच, म्हणून आधी एखादा साधा वार धरा आणि सकाळी लवकर चढा.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- पायऱ्या धावत चढणं. वाटेत बाणाईचं देऊळ लागतं, दीपमाळा आहेत. थांबत जा.
- भंडारा (हळदीची पूड) समोरच्याच्या तोंडावर फेकणं. वर उधळा, डोळे सांभाळा. पिवळा डाग सहज जात नाही, जुने कपडेच घाला.
- तळी न भरताच परतणं. हे मात्र चुकवू नका! ताटात भंडारा, खोबरं, सुपारी, विड्याची पानं ठेवायची, सगळ्यांनी मिळून ताट उचलायचं आणि 'सदानंदाचा येळकोट' म्हणायचं. जमत नसेल तर तिथल्या वाघ्या-मुरळींना (खंडोबाला वाहिलेल्या भक्तांना) विचारा, आनंदाने सांगतील.

मणी-मल्ल या दैत्यांची कथा घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकून जा, म्हणजे खंडोबाला 'मल्हारी' का म्हणतात ते कळेल.

कडेपठार हे खंडोबाचं जुनं ठाणं. चढ मोठा आहे, वडीलधारे सोबत असतील तर ते पुढच्या वारीला ठेवा.