दीर्घकाळ पत्रकारिता करून लेखनाबद्दल आणि जगण्याबद्दल तुम्ही काय शिकलात?

तुम्ही लेखनाबद्दल आणि जगण्याबद्दल असं दोन्ही विचारलंय. सोलापुरात तेहतीस वर्षं बातमीदारी आणि उपसंपादकी केली, पण माझ्यासाठी ही दोन उत्तरं कधी वेगळी झाली नाहीत. सगळ्यात मोठा धडा मिळाला तो चार ओळींच्या एका निधनवार्तेतून.

1991 सालची गोष्ट. शहराच्या पूर्व भागातले, यंत्रमागावर काम करणारे एक तेलुगू गृहस्थ गेले. कागद रात्री उशिरा आला. पान सोडायची घाई होती, आणि मी त्यांच्या आडनावातला 'ल्ल' साधा 'ल' करून टाकला. दुसऱ्या दिवशी मुलगा कचेरीत आला. भांडला नाही. कात्रण टेबलावर ठेवून एवढंच म्हणाला, "साहेब, आमच्या वडिलांचं नाव पेपरात एकदाच येणार होतं." आम्ही आतल्या पानावर तळाशी दुरुस्ती छापली. खरं तर मी त्यांच्या घरी जायला हवं होतं. गेलो नाही.

त्यानंतर कुठलीही बातमी हाती आली की आधी नाव तपासायचं, ही सवय लागली. सोलापुरात हे वाटतं तितकं सोपं नाही. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एकाच गल्लीत बोलल्या जातात, आणि कानावर पडलेलं नाव मराठीत उतरवताना हमखास घसरतं. आपण सहज 'चार हुतात्मे' म्हणतो. 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी गेलेले ते चौघे म्हणजे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. ही चार नावं एकापाठोपाठ म्हणून बघा, अख्खं सोलापूर डोळ्यांपुढे येतं. नुसत्या 'चार' या आकड्यात ते येत नाही. म्हणून नवीन मुलं कामाला आली की मी पहिल्याच दिवशी त्यांच्याकडून ही नावं लिहून घ्यायचो.

विशेषणांचं खूळ उतरलं ते किल्लारीच्या भूकंपात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारच्या सुमारास सोलापूरही हादरलं, माणसं रस्त्यावर आली. उजाडल्यावर आम्ही उमरग्याच्या वाटेने निघालो. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड छत, अशी ती घरं झोपलेल्या माणसांवरच बसली होती. गणपती आदल्याच दिवशी विसर्जन झालेले. एका ढिगाऱ्यात मखराचा गुलाबी जिलेटीन कागद अडकला होता, वाऱ्याने फडफडत होता. रात्री मी 'भीषण', 'हृदयद्रावक', 'काळीज पिळवटणारं' असं सगळं लिहिलं. आमच्या ज्येष्ठ उपसंपादकांनी एकेक शब्द खोडला, फक्त त्या कागदाचं वाक्य ठेवलं. मृतांचा आकडा मात्र 'कुणी सांगितला' हे विचारून मगच घेतला, कारण तो तासातासाला बदलत होता.

माणसांशी बोलायचं कसं, हे मला एका बिडी कामगार बाईंनी शिकवलं. 'बिडी कामगारांची व्यथा' असं शीर्षक मनात पक्कं करूनच मी गेलो होतो. "अक्का, कसं वाटतं?" असं विचारलं, तर त्या नुसत्या हसल्या. मांडीवर सूप, हातात पान, बोटं थांबायला तयार नाहीत, कारण मजुरी हजार बिड्यांवर. मग मी विचारलं, "छाट कशी काढतात?" त्यावर त्या तासभर बोलल्या. कारखान्यात कुठली बिडी कशी बाजूला टाकतात, त्या बिडीचे पैसे कसे जातात, घरी आल्यावर तो हिशेब मुलीला कसा समजावून सांगावा लागतो. 'व्यथा' हा शब्द मला कुठे वापरावाच लागला नाही. तुम्ही लिहिणारे असाल तर माणसाला त्याच्या कामाबद्दल विचारा. मनातलं तो त्यातूनच सांगतो.

2006 साली सोलापूरजवळ कुंभारीला बिडी कामगारांची 10,000 घरांची वसाहत उभी राहिली. तिथे बातमीसाठी फिरताना एका घरात पाणी प्यायला बसलो, आणि समोरच्या भिंतीवर ते कात्रण दिसलं. माझंच. काचेच्या फ्रेममध्ये, फोटोसकट. आडनावातल्या 'ल'च्या आधी कुणीतरी निळ्या शाईने अर्धा 'ल' बारीक कोरून बसवला होता. जागा नव्हती, म्हणून तो थोडा वर चढलेला.

मी कोण ते सांगितलं आणि हात जोडले. पंधरा वर्षं उशिरा. घरातल्या म्हाताऱ्या आजींनी मलाच समजावलं. म्हणाल्या, "तुम्ही नंतर बरोबर छापलं होतं की. पण त्यात ह्यांचा फोटो नव्हता."