चिलापीचं सुरिमी की खिमा?

प्रश्न: आमच्या तळ्यात नि खाडीच्या वरच्या अंगाला हल्ली जाळं टाकलं की चिलापीच (तिलापिया) येते. मातीचा वास येतो म्हणून कोणी घेत नाही. बचत गटातल्या बायका म्हणतात हिचं सुरिमी (माशाच्या धुतलेल्या मांसाचा गोळा) करून विकूया. जमेल का? आणि वासाला आगळ (कोकमाचा आंबट रस) लावलं तर?
– एक वाचक, राजापूर

उत्तर: ताई, चिलापीचं सुरिमी होतं, पण गटाने त्यात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. सुरिमीसाठी काटे-कातडी काढलेलं मांस बारीक करून बर्फाच्या पाण्यात दोन-तीनदा धुतात, दर वेळी मांसाच्या तीन-चार पट पाणी लागतं, त्यात रक्त, चरबी, वास आणि विरघळणारं प्रोटीन निघून जातं आणि उरतं ते मीठ घालून मळलं, शिजवलं की रबरासारखं घट्ट होतं. मग साखर नि सॉर्बिटॉल (साखरेसारखाच एक पदार्थ) घालून ब्लॉक गोठवतात, ते गोडीसाठी नाही, त्याशिवाय फ्रीझरमध्ये प्रोटीन बिघडतं नि गोळा बांधत नाही. जपानच्या होक्काइदोत 1960 च्या सुमारास हे कळलं, तेव्हा कुठे गोठवलेलं सुरिमी लांबवर पाठवता यायला लागलं. एवढं गोडं पाणी मे महिन्यात कुठून आणणार? वर उणे 20 डिग्रीचं कोल्ड स्टोरेज, आणि आख्ख्या माशातून हाती येतो जेमतेम चौथा हिस्सा. रत्नागिरीकडे राणी नावाच्या समुद्रातल्या माशाचं सुरिमी होतं ते कारखान्यात, त्यांना परवडतं.

तुम्ही खिमा करा. मासा पकडल्याबरोबर बर्फात, पोटातली काळी साल खरवडून काढायची, चरबी नि लालसर मांस कापून टाकायचं कारण वास चरबीतच मुरतो, खिमा एकदाच बर्फाच्या पाण्यात धुऊन फडक्यात पिळायचा आणि किलोला वीसेक ग्रॅम मीठ घालून, थंड असतानाच, चिकट होईपर्यंत मळायचा. मग कटलेट करा, बॉल्स करा. आगळ यात नको, आंबटाने मांस आधीच आकसतं नि चिकटपणा येत नाही. कालवणाच्या तुकड्यांना खुशाल लावा, तिथे वासावर उत्तम.

एक मनापासून सांगते, धंदा चालला की कोणीतरी म्हणेलच तळ्यात आणखी पिल्लं सोडूया, ते अजिबात होऊ देऊ नका. ही मूळची आफ्रिकेतली, भारतात 1952 मध्ये आणली, मादी अंडी तोंडात सांभाळते त्यामुळे पिल्लं भरपूर जगतात आणि आपल्या गावठी माशांना जागा उरत नाही. आपल्याला ती कमी करायचीय ना! म्हणून नाव 'फिश कटलेट'चं करा, कुठला मासा ते पाकिटावर खाली लिहा, म्हणजे चिलापी कमी झाली तर ढोम्यावर, म्हणजे समुद्रातल्या दुसऱ्या माशावर, काम चालू राहील. केंड (फुगणारा विषारी मासा) मात्र चुकूनही खिम्यात जाता कामा नये, त्याचं विष शिजवून जात नाही. सुरू करण्याआधी रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात जाऊन विचारा, मासे प्रक्रिया हा तिथला शिकवायचाच विषय आहे.