आधी पात्रता वाच, मग फॉर्म भर

अगं, अमेरिकेत अल्पसंख्यांसाठी क्लिनिकल रिसर्चचं, म्हणजे पेशंटवरच्या संशोधनाचं, ट्रेनिंग कुठे मिळेल विचारलंस ना? नॅशव्हिलला मेहॅरी, म्हणजे १८७६ पासूनचं कृष्णवर्णीयांचं मेडिकल कॉलेज, आणि व्हँडरबिल्ट विद्यापीठाची १९९९ पासून भागीदारी आहे, तिकडे बघच. पण पात्रता नीट वाच हां, आपण भारतीय तिथे अल्पसंख्य असलो तरी एनआयएच, म्हणजे तिथली सरकारी आरोग्य-संशोधन संस्था, तिच्या कमी प्रतिनिधित्व असलेल्या गटांच्या जुन्या यादीत आशियाई सहसा धरत नसत. जीसीपीचं, म्हणजे पेशंटवरच्या चाचण्या नीट करायच्या नियमांचं, सर्टिफिकेट काय, ऑनलाइन होऊन जातं. खरी कसोटी पेशंटकडून संमतीपत्र घेण्याची. अलाबामातल्या टस्कीगीत १९३२ ते १९७२ सरकारी अभ्यासाच्या नावाखाली काळ्या पेशंटना सिफिलिसचे उपचारच दिले नव्हते, लोक ते विसरलेले नाहीत, त्यामुळे एखादी आजी "घरी विचारून सांगते" म्हणाली की पेन पुढे सरकवायचं नाही, कॉपी घरी नेऊ दे, आणि सही झाली तर सहीशेजारची तारीखही तिनेच घालायची, घाई असली तरी तू नाही.