ऑपरेशन चालू असताना ऑक्सिजन अचानक घसरला तर?

प्रश्न : मी भूलशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला आहे. अपघातात बरगड्या मोडलेल्या रुग्णाची प्लीहा फुटली म्हणून पोट उघडले आहे आणि मध्येच सॅच्युरेशन (रक्तातील ऑक्सिजनची टक्केवारी) 98 वरून 82 वर आले. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : सर्जनला मोठ्याने सांगा, ऑक्सिजन 100 टक्के करा, नायट्रस (भुलीचा वायू) चालू असेल तर बंद करा आणि व्हेंटिलेटर सोडून हाताने बॅग दाबा. बोटे गार पडली की प्रोब (सॅच्युरेशन मोजणारा बोटावरचा चिमटा) चुकीचा आकडा दाखवतो, हे खरे. पण पडद्यावरची लहर चांगली असेल तर प्रोबला दोष देण्यात वेळ घालवू नका. कॅप्नोग्राफची (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणाऱ्या यंत्राची) लहर गायब झाली असेल तर श्वासनलिकेतली ट्यूब निसटलेली असू शकते किंवा रक्ताभिसरणच थांबलेले असू शकते. लहर आहे पण बॅग जड लागतेय? ट्यूब दातांपाशी किती सेंटिमीटरवर आहे ते बघा (पुरुषात साधारण 23, स्त्रीत 21), सक्शन कॅथेटर आत जातो का ते बघा. रक्ताच्या गुठळीने ट्यूब तुंबते.

मोडक्या बरगड्या आणि व्हेंटिलेटरचा दाब एकत्र आले की पहिला संशय टेन्शन न्यूमोथोरॅक्सचाच (फुप्फुसाबाहेर छातीत हवा कोंडून दाब वाढण्याचा) घ्यावा. त्या बाजूला हवा ऐकू येत नाही, बीपी पडतो. मानेच्या शिरा फुगण्याची वाट पाहू नका. रक्त गेलेल्या रुग्णात त्या फुगतीलच असे नाही. पोट उघडेच आहे, तर सर्जनला त्या बाजूचा डायफ्रॅम (छाती आणि पोटामधला स्नायूचा पडदा) हाताने चाचपायला सांगा. तो खाली फुगलेला लागतो. एक्स-रेसाठी थांबू नये. बरगड्यांमधल्या पाचव्या फटीत, मिड-ॲक्सिलरी रेषेच्या (काखेच्या मधून खाली येणाऱ्या रेषेच्या) किंचित पुढे छेद देऊन बोटाने फुप्फुसावरचे आवरण उघडावे. साधा 14 नंबरचा कॅन्युला (सुईवरची बारीक नळी) जाड छातीत आतपर्यंत पोचत नाही, शिवाय मुरगळतो. मग छातीत 28 ते 32 फ्रेंच (नळीच्या जाडीचे माप) आकाराची नळी घालावी. नळी आधीच असेल तर ती चादरीखाली दुमडली किंवा गुठळीने भरली आहे का, ते आधी बघा.

हे सगळे नीट असेल तर कारण बहुधा फुप्फुसाला लागलेला मार किंवा फुप्फुसाचा भाग मिटणे हे असते. टायडल व्हॉल्यूम (एका श्वासात आत जाणारी हवा) उंचीवरून काढलेल्या आदर्श वजनावर ठरवा : 170 सेंटिमीटरच्या पुरुषाला 6 मिली/किलोने सुमारे 400 मिली. प्लॅटो (श्वास आत थांबल्यावरचा फुप्फुसातला दाब) 30 सेंटिमीटर पाण्याच्या आत. पीप (उच्छ्वासाच्या शेवटी फुप्फुसात राखलेला दाब) 5 वरून दोन-दोनने वाढवा, पण रक्त चढवत चढवतच. रिकाम्या शिरांवर पीप वाढवला की बीपी कोसळतो. डोक्यालाही मार असेल तर कार्बन डायऑक्साइड वाढू देऊ नका. तरीही सॅच्युरेशन 90 च्या वर येईना, तर सर्जनला रक्तस्राव थांबवून, पोट पॅक करून रुग्ण आयसीयूत हलवायला सांगा. बाकीची दुरुस्ती नंतर होईल.