वाचकांचे प्रश्न : वाफेच्या इंजिनांची लाकडी पाणीटाकी

प्रश्न : अमेरिकेत कम्ब्रेस अँड टॉल्टेक या नॅरोगेज मार्गावर लोबाटो, क्रेस्को इथे जुन्या लाकडी पाणीटाक्या आहेत. तशा टाकीचं मॉडेल 1:87 मापात, म्हणजे खऱ्याच्या 87व्या हिश्शाएवढं, करतो आहे. पांढऱ्या गमने लाकडी पट्ट्या चिकटवल्या तर पिंप पिळवटलं, रंग डागाळला. शिवाय टाकी खरी वाटत नाही, काय चुकतंय कळत नाही.

उत्तर : पिळवटण्याचं कारण गममधलं पाणी. पट्टी एकाच बाजूने भिजून फुगते आणि आतला साचा ओढला जातो. म्हणून आधी साचा ताठ हवा. तिकडे 24 फूट व्यासाची, 16 फूट उंच, सुमारे 50,000 गॅलनची टाकी सर्रास असे. 1:87 मध्ये ती 84 मिमी व्यासाची, 56 मिमी उंच होते. 3 मिमी एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुशाची फळी) 81 मिमी व्यासाच्या तीन चकत्या कापून तळाला, मध्यावर, माथ्याला ठेवा आणि भोवती अर्धा मिमी पुठ्ठा गुंडाळा. वर 1 मिमी जाड, 1.75 मिमी रुंद पट्ट्या लावा. खऱ्या 6 इंची फळीचं हे माप. साधारण 150 लागतील. चिकटवायला पाणी नसलेलं रबरी सोल्यूशन घ्या. दर दहा पट्ट्यांनंतर गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून पट्टी उभी आहे ना बघा. शेवटच्या दहा-बारा राहिल्या की उरलेली जागा मोजून सगळ्याच थोड्या तासा, नाहीतर अखेरीस एकच काडीएवढी फट उरते आणि नेमकी तीच डोळ्यात भरते.

रंग मात्र पट्ट्या सुट्या असतानाच द्या. गम लागलेलं लाकूड रंग पीत नाही, तेच ते डाग.

आता खोटेपणाचं. बहुतेकदा तो फळ्यांभोवती आवळलेल्या लोखंडी कड्यांत असतो. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो, म्हणून खऱ्या टाकीची कडी तळाशी दाट आणि वर विरळ असतात. सारख्या अंतराची कडी बघितली की जाणकाराला लगेच खटकतं. हाताशी फोटो नसेल तर पहिलं कडं तळापासून 2 मिमीवर घ्या. पुढची अंतरं 3, 3, 4, 4, 5, 5, 6, 7, 8, 8. तार 0.3 मिमीची पुरे. कडी आवळायच्या जोडांची जागा प्रत्येक कड्यावर सरकवत न्या, एका रेषेत आणू नका.

दुसरी चूक खाली असते. भरलेल्या टाकीत जवळपास 190 टन पाणी. त्याला 12 इंची चौरस खांब, म्हणजे मॉडेलात 3.5 मिमी. बारीक काड्या चालत नाहीत. हा भार तळाच्या फळ्यांवरून तुळयांवर जातो. उभ्या फळ्यांची टोकं तुळयांना टेकत नाहीत. म्हणून तळाची चकती पट्ट्यांच्या टोकांपेक्षा 1 मिमी वर बसवा, खाली तिच्यापुरत्याच तुळया द्या. टाकीखालचा नळ गोठू नये म्हणून त्याभोवती फळ्यांची चौकोनी पेटी असे, तीही विसरू नका.

प्रश्न : टाकीवरची पातळीची पट्टी उलटी कशी?

उत्तर : आतला तरंगता ठोकळा दोरीने कप्पीवरून बाहेरच्या खुणेला बांधलेला असतो. पाणी चढलं की खूण उतरते. भरलेली टाकी दाखवायची तर खूण तळाशी चिकटवा.

प्रश्न : हीच टाकी आपल्याकडच्या स्टेशनच्या देखाव्यात चालेल का?

उत्तर : आम्ही नाही ठेवणार. आपल्या डोळ्यांना सवय आहे ती लोखंडी चौकोनांच्या ब्रेथवेट पद्धतीच्या टाकीची. तिचा एक चौकोन 4 फुटी, म्हणजे 14 मिमी. त्यावरची तिरपी उठावदार घडी पातळ अॅल्युमिनियम पत्र्यावर मागून कोरड्या बॉलपेनने दाबून काढा. चौकोनांच्या सांध्यांवर बोल्टची रांग येते.