होम थिएटरचा प्रोसेसर घेण्याआधी खोली मोजा
प्रोसेसर म्हणजे आवाज वेगवेगळ्या स्पीकरांना वाटून देणारं यंत्र. त्याच्या चॅनेलच्या (स्पीकरांसाठीच्या स्वतंत्र आवाजवाटांच्या) आकड्याला भुलू नका. घोडबंदर रोडच्या फ्लॅटमधल्या १० बाय १२ फुटांच्या खोलीत ५.१.२ (भोवती ५ स्पीकर, बास म्हणजे खोल आवाजासाठी १ सबवूफर आणि वरून आवाज देणारे २ स्पीकर) छान बसतं. १६ चॅनेलचे पैसे वाया जातील.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे प्रोसेसरमध्ये स्पीकरला ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर नसतो हे विसरणं. ५.१.२ साठी पॉवर अ‍ॅम्पचे ७ चॅनेल वेगळे लागतात (सबवूफरमध्ये बहुधा स्वतःचा असतो). ते बजेट आधीच धरा.

खरा फरक पडतो रूम करेक्शनने, म्हणजे माइकने मोजून खोलीनुसार आवाज जुळवण्याने. त्यासाठीचं डिराक लाइव्ह हे सॉफ्टवेअर असेल तर उत्तमच, फक्त लायसन्स किमतीत धरलंय का ते विचारा. मोजणीच्या वेळी पंखा, एसी बंद आणि माइक कानाच्या उंचीवर. बसायच्या जागी बास गायब होत असेल तर इक्वलायझर वाढवून तो परत येत नाही, कारण तिथे लहरी एकमेकींना रद्द करत असतात. सबवूफरची जागा बदला आणि पुन्हा मोजा.